तुम्ही कधी आलात?

गेल्या गणपतीत गावी पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजून गेले होते. पाऊस नुकताच थांबला होता, भात पोटरीत आले होते आणि वाडीकडे उतरणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंच्या गडग्यांवर, म्हणजे धोंडे रचून केलेल्या कुंपणांवर, फक्त भाद्रपदातच दिसणारा तो काळपट हिरवा शेवाळी रंग चढला होता. मुलाने चार महिन्यांपूर्वी घेतलेली मोठी पांढरी गाडी मी चालवत होतो; मागे, किंचित गडद काचांआड, पत्नी आणि मुलगी बसल्या होत्या. तिसऱ्या वळणावर तात्या दिसले. कमरेच्या आकडीत कोयती, डोक्यावर पोत्याची खोळ आणि हातात गणपतीच्या सजावटीसाठी तोडून आणलेला तेरडा व शेरवड. गाडी येताना पाहून ते उजवीकडच्या गडग्याला पाठ लावून, एक पाय गटारात ठेवून, अंग चोरून उभे राहिले. तरीही वाट पुरेना म्हणून मी गाडी डावीकडे दाबली, तेव्हा तिचा कोपरा घासून त्या बाजूच्या गडग्याचे वरचे दोन धोंडे खाली आले. तो गडगा तात्यांचाच. मी काच खाली केली. तात्यांनी वाकून आत पाहिले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुम्ही कधी आलात?"

मी म्हणालो, "हे काय, आत्ताच येतोय." धोंड्यांबद्दल काही बोलण्याच्या आत त्यांनीच हात हलवला. "राहू दे ते. मी बघतो. तुम्ही व्हा पुढे." आरशात मला दिसले की त्यांनी हातातला तेरडा गडग्यावर ठेवला, ते दोन्ही धोंडे एकेक करून उचलले आणि वाटेतून काढून कडेला ठेवले.

त्या रात्री आरती झाली, नैवेद्य झाला, घर माणसांनी भरून गेले, तरी माझ्या कानात तो एकच शब्द राहिला होता. तात्या आमच्या भावकीतले, वडिलांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मी पहिलीत असताना पावसाळ्यात पऱ्याला पाणी चढले की ते मला खांद्यावर बसवून पलीकडे शाळेच्या बाजूला सोडत असत. त्यांच्या ओल्या केसांना येणारा खोबरेल तेलाचा आणि धुराचा वास मला अजून आठवतो. पन्नास वर्षांत त्यांनी मला 'अरे बाळ' याखेरीज दुसऱ्या कशाने हाक मारलेली नाही. माझे लग्न झाले, केस पिकले, वडील गेल्यावर घरातला कर्ता मी झालो, तरी 'बाळ'च राहिलो, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकताना मला नेहमीच बरे वाटत आले. मग 'तुम्ही' कुठून आले? मराठीत हा शब्द दोन कामे करतो. समोर एकापेक्षा अधिक माणसे असली की तो अनेकवचनी असतो आणि समोर एकच पण मोठा माणूस असला की आदरार्थी असतो. गाडीत आम्ही तिघे होतो. तात्यांनी वाकून पाहिले तेव्हा त्यांना मागची दोन माणसे दिसली असतील, तर त्यांनी तिघांना मिळून विचारले असेल. पण काचा गडद होत्या, उजेड कमी होता आणि त्यांची दृष्टी पूर्वीसारखी राहिलेली नाही.

विचारून खात्री करावी असा हा प्रश्न नव्हता.

त्या दिवशीचा सगळा प्रवास मग मला पुन्हा आठवू लागला, आणि त्यात मी कसा वागत होतो हेही. मोठ्या गाडीची पहिली ओळख तिच्या किमतीने होत नाही, बैठकीच्या उंचीने होते. सोळा वर्षे मी वॅगन आर चालवली. त्या गाडीत बसल्यावर वाटेने चालणारा माणूस आणि आपण जवळजवळ समोरासमोर असतो. त्याचा चेहरा पाहण्यासाठी किंचित वरच पाहावे लागते. नव्या गाडीत मी चालणाऱ्यांच्या डोक्यांच्या पातळीवर बसलो होतो. वाडीच्या वाटेवर तर मला प्रथमच गडग्यांच्या पलीकडचे दिसत होते: कोणाच्या खळ्यात धुणे वाळत आहे, कोणाच्या पडवीत गणपतीचा पाट धुऊन उभा केला आहे, कोणी म्हातारी चुलीसाठी शेणी मोजत बसली आहे. गडगा ज्या उंचीचा रचलेला असतो, ती उंची येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेचा विचार करून पिढ्यानुपिढ्या ठरलेली आहे. मी ती मर्यादा बसल्या जागेवरून ओलांडत होतो, आणि मला ते आवडत होते. हे कबूल करायला जड जाते, पण खरे आहे. महामार्गावर समोरच्या लहान गाड्या न सांगता बाजूला होत होत्या, खेडजवळच्या हॉटेलाच्या दारात राखणदार पुढे येऊन जागा दाखवत होता, आणि या प्रत्येक वेळी पाठीचा कणा थोडा ताठ होत होता.

खेडहून दापोलीमार्गे आम्ही दाभोळला आलो आणि धोपाव्याच्या फेरीबोटीवर गाडी चढवली. ही बोट मला फार वर्षांपासून प्रिय आहे. खाडी ओलांडण्यापुरता जो थोडा वेळ मिळतो, त्यात कोणाचीच गाडी चालत नसते. ट्रक, रिक्षा, मोटारसायकली, आंब्याच्या दिवसांत पिकअप, सगळे एकाला एक लागून उभे असतात. माणसे उतरून कठड्याशी येतात आणि खारा वारा तोंडावर घेत पाण्याकडे पाहत राहतात. गाडीपासून दूर झालेल्या माणसाला पाहून त्याची गाडी कोणती ते ओळखता येत नाही, असे मी पूर्वी समजत असे. या वेळी माझे लक्ष हातांकडे गेले. निम्म्याहून अधिक माणसांच्या हातात किल्ली होती. खिसा असताना ती खिशात नव्हती. कोणी बोटाभोवती फिरवत होता, कोणी कठड्यावर टेकवलेल्या मुठीत अशी धरून होता की तिच्यावरचे चिन्ह वर राहावे. मोटारसायकलवाला मुलगा मात्र रिकाम्या हातांनी उभा होता, त्याची किल्ली गाडीलाच होती. मी स्वतःच्या हाताकडे पाहिले. किल्ली माझ्याही हातातच होती, आणि ती मी केव्हा बाहेर काढली हे मला सांगता आले नसते.

माझे मामा कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात होते. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या त्या कंपनीत तेव्हा फियाट, म्हणजे पुढे जिला सगळे पद्मिनी म्हणू लागले ती गाडी, तयार होत असे, आणि ती मिळण्यासाठी पैसे असणाऱ्या माणसालाही नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मामा दारांच्या खात्यात होते. दिवसभर गाड्यांना दारे बसवणारा हा माणूस मे महिन्यात आणि गणपतीला गावी यायचा तो एसटीने, पायांखाली ट्रंक आणि मांडीवर आम्हा मुलांसाठी आणलेल्या बिस्किटांचा पुडा घेऊन, रात्रभर बसून. त्या वर्षी मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गावातल्या एका मुंबईकर कुटुंबाने स्वतःची पद्मिनी आणली होती. खाली वाडीत जायला तेव्हा रस्ता नव्हता, त्यामुळे ती देवळापाशी वडाखाली उभी होती आणि तिच्याभोवती मुलांचे कडे पडले होते. मामा मला घेऊन तिथे गेले. त्यांनी गाडीला एक फेरी घातली, मग पुढचे दार उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. ते आवाज ऐकत होते. कान किंचित तिरका करून, वैद्याने नाडी पाहावी तसे. माझ्याकडे वळून म्हणाले, "नीट बसलंय. आमच्या खात्यातलं आहे." एवढ्यात देवळाच्या पायरीवरून गाडीच्या मालकाने हाक दिली, "ओ, हात लावू नका गाडीला." मामांनी हात मागे घेतला. ते दार मी बसवलेले आहे, असे ते म्हणू शकले असते. ते काही बोलले नाहीत. आम्ही पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेने, खाली उतरलो, आणि अर्ध्या वाटेवर त्यांनी मला विचारले, "आवाज ऐकलास ना?"

मामांनी स्वतःची गाडी कधी घेतली नाही. १९९८ साली कोकण रेल्वे मुंबईहून पूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हा ते निवृत्त होऊन गावी आलेले होते, आणि केवळ प्रवास करून पाहावा म्हणून ते चिपळूणहून रत्नागिरीला जाऊन आले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरची पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हा ती बातमी वाचायला ते नव्हते. मला मात्र त्या दिवशी दिवसभर दार मिटल्याचा तो भरीव, लोखंडी आवाज ऐकू येत होता.

आमच्या बाजूला गाडीपेक्षाही जुना एक प्रश्न आहे: गाडी दारात जाते का? सोयरीक पाहायला आलेली माणसे तो विचारतात, जमीन घेणारा विचारतो, आजारी माणसाचे नातेवाईक विचारतात. कोकणातली घरे डोंगराच्या उतारावर, आगराच्या कडेने, पऱ्याच्या काठाने बसलेली असतात आणि त्यांना जोडणारी पाखाडी माणसाच्या पायांच्या मापाने बांधलेली असते. ज्याच्या खळ्यापर्यंत चाक पोहोचते त्याचे घर आपोआप एक पायरी वर चढते, मग त्याच्याकडे स्वतःची गाडी असो वा नसो. आमच्या वाडीला रस्ता झाला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी. मंजुरी येऊनही तो दोन वर्षे अडून होता, कारण प्रत्येक घरवाल्याने आपल्या हद्दीतला थोडा भाग सोडल्याशिवाय रुंदी मिळत नव्हती, आणि आमच्याकडे गडग्याची एक रांग मागे सरकवायची म्हणजे काय असते हे मी वाचकांना सांगायला नको. भाऊ भावाशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. तात्यांनी पहिल्यांदा जागा दिली. सलग पन्नास पावले लांबीत त्यांनी स्वतःचा गडगा धोंडा धोंडा करून उतरवला आणि दोन हात आत घेऊन पुन्हा रचला. दोन महिने ते एकटे ते काम करत होते. त्यांच्याकडे गाडी नव्हती, पुढेही कधी आली नाही. त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांच्या पत्नीला, आमच्या काकींना, रात्री छातीत दुखू लागले होते. चौघांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवून, वर कांबळे पांघरून, कंदिलाच्या उजेडात पाखाडीने वर देवळापर्यंत नेले होते. काकी त्या खेपेला वाचल्या. रस्ता झाला तेव्हा त्याची रुंदी जेमतेम आठ फूट भरली.

आठ फूट म्हणजे साधारण २.४ मीटर. हे गणित मी गणपतीनंतर ठाण्याला परत आल्यावर केले. माझी वॅगन आर दीड मीटरहूनही थोडी कमी रुंद आहे, त्यामुळे ती जात असताना बाजूला माणूस उभा राहू शकत असे. मुलाची गाडी आरसे सोडून सुमारे १.९ मीटर आहे. सरकार गाडीचे लहानमोठेपण लांबीवर आणि इंजिनावर ठरवते; २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरांची रेषा आखलेली आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या रेषेच्या आतल्या, ठरावीक क्षमतेपर्यंतचे इंजिन असलेल्या पेट्रोल-डिझेल गाडीवर १८ टक्के आणि त्यापलीकडच्या गाडीवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. गाड्या लांबीने चार मीटरांच्या आत बसवण्यासाठी कारखानदारांनी मागचे भाग कसे कापून घेतले ते रस्त्यावर उभे राहिले तरी दिसते. आमच्या वाडीला लांबीचे काहीच वाटत नाही. तिथे गाडीचे मोठेपण रुंदीत मोजले जाते, म्हणजे ती गेल्यावर बाजूला किती माणूस उरतो यात.

गावातल्या शाळेत एक गुरुजी होते, घाटावरून बदली होऊन आलेले. एका मोटारसायकलवर ते, त्यांच्या पत्नी, पुढे टाकीवर एक मुलगा आणि मध्ये दुसरा, असे चौघे पावसात गुहागरला जाताना मी अनेकदा पाहिले आहेत. रतन टाटांनी असेच एक कुटुंब पावसात पाहिले आणि त्यातून लाखाच्या गाडीची कल्पना त्यांच्या मनात आली, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. नॅनो २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात आली आणि पुढच्या वर्षी बाजारात. गुरुजींनी ती घेतली, पिवळ्या रंगाची. आमच्या रस्त्यासाठी तिच्याहून योग्य गाडी झाली नसेल. ती कोणत्याही बेड्यातून, म्हणजे कुंपणातल्या दारातून, आत जाई, देवळापाशी एका दमात वळे, आणि चार माणसे कोरडी पोहोचत. पण गावात लोक बोलत ते असे: "गुरुजींनी गाडी घेतली, पण नॅनो." त्या वाक्यातला 'पण' मी इतक्या तोंडांतून ऐकला की नंतर तो गुरुजींच्या स्वतःच्या बोलण्यात आला. "गाडी आहे, पण लहान आहे," असे ते न विचारता सांगू लागले. सर्वांत स्वस्त गाडी अशी तिची ओळख करून दिली गेली ही चूक झाली, असे पुढे टाटांनीही मान्य केले. २०१८ साली ती बंद पडली. मला राहून राहून वाटते की ज्या माणसाची पत्नी आणि मुले पहिल्यांदा न भिजता घरी आली, त्याला त्या आनंदापुढे एक उभयान्वयी अव्यय लावावे लागले, हे आपण सगळ्यांनी मिळून केले. मीही ते वाक्य एकदा म्हटलेले आहे.

गणपतीच्या पाच दिवसांत आमच्या गावचा रस्ता पाटीवर लिहून ठेवावा तसा वाचता येतो. एमएच ०८ आमचा, रत्नागिरीचा. त्याच्या शेजारी ०१, ०२, ०३, ०४, ४३, ४७, ४८ अशा मुंबई, ठाणे, वसईच्या पाट्या, आणि वाडीतली मुले गडग्यावर बसून त्या मोठ्याने वाचतात. कोणाची गाडी बदलली, कोणाची तीच आहे, कोण या वर्षी गाडी असूनही रेल्वेने आला, कोणाच्या गाडीवर अजून शोरूमची फीत आहे, हे सगळे संध्याकाळपर्यंत घरोघर पोहोचलेले असते. चाकरमानी माणूस वर्षभर कुठल्या खोलीत राहतो, लोकलमध्ये कसा लटकतो, गावाला काहीही दिसत नाही. गावाला त्याचे वर्ष एकदाच दिसते, आणि ते चार चाकांवर येते. म्हणून हप्ते डोईजड असले तरी माणसे गाडी घेतात, आणि मी त्यांना नावे ठेवू शकत नाही. आपल्या आईने शेजारणीला "मुलगा गाडी घेऊन आलाय" असे सांगावे, यासाठी माणूस पाच वर्षे हप्ता भरतो. माझ्या मुलानेही मोठी गाडी घेतली तेव्हा पहिले वाक्य हेच उच्चारले होते: "बाबा, गणपतीला हीच घेऊन जा."

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. बहिणीचे घर तिथे आहे; आठवडाभराने मी मदतीला गेलो. गल्लीत गाड्या जशा वाहून आल्या तशा एकमेकींवर टेकलेल्या होत्या आणि सगळ्यांचा रंग एकच होता, तो राखाडी, गुळगुळीत गाळाचा. काचेवरून बोट फिरवल्याशिवाय गाडी कोणती हे कळत नव्हते. त्या दृश्याकडे पाहून कोणीतरी म्हणाले की पुराने सगळ्यांना सारखे केले. तेव्हा मला ते पटले होते. पण दोन महिन्यांनी पुन्हा गेलो तर ज्यांच्या मोठ्या गाड्यांचा पुरा विमा होता त्यांच्या दारात नव्या गाड्या आल्या होत्या, आणि बहिणीच्या शेजारचा रिक्षावाला इंजिन उघडून, सुटे भाग जुन्या वर्तमानपत्रावर मांडून, रॉकेलने धूत बसला होता.

तात्यांच्या शब्दाकडे मी परत येतो, कारण त्याच्या उत्तरासाठी शोधत असताना मला दुसरेच काहीतरी सापडले. २००९ साली मी वॅगन आर घेतली आणि मे महिन्यात ती घेऊन गावी गेलो, तेव्हा वाडीत उतरलेली आमच्या घरातली ती पहिली गाडी होती. तात्यांनीच पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवले होते, नारळ वाढवला होता, आणि मग आम्ही त्यांना घेऊन गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. हा प्रसंग मी आजवर अनेकांना आनंदाने सांगितला आहे. सांगताना एक तपशील मी नेहमी शेवटी सांगत असे आणि ऐकणारे हसत असत: गाडीत बसण्यापूर्वी तात्यांनी चपला काढल्या, त्या एकमेकींवर आपटून माती झटकली आणि संपूर्ण प्रवासभर मांडीवर धरून ठेवल्या. मी त्यांना "घाला हो चपला, आपलीच गाडी आहे" असे म्हणालो होतो, आणि तेवढे म्हणून मोकळा झालो होतो. गणपतीनंतर एका रात्री झोप येईना तेव्हा मला तो प्रसंग पुन्हा दिसला, आणि या वेळी माझे लक्ष चपला धरलेल्या त्यांच्या हातांवर राहिले. गडगा उतरवून पुन्हा रचलेले, सालटी गेलेले ते हात. ज्या रस्त्यावरून माझी गाडी त्यांच्या दारात आली, तो रस्ता त्यांच्या जमिनीवरचा होता, आणि त्या गाडीत ते देवळात बसावे तसे बसले होते. म्हणजे अंतर या गणपतीत पडलेले नव्हते. जिला मी इतकी वर्षे साधी, लहान, सर्वांशी बरोबरीची गाडी समजत आलो, ती तात्यांसाठी पहिल्या दिवसापासून मोठीच होती. शब्द बदलायला सोळा वर्षे लागली एवढेच, किंवा बदललाच नसेल.

त्या रात्रीपासून वॅगन आरकडे पाहण्याची माझी दृष्टीही पूर्वीची राहिली नाही. ती अजून आमच्या इमारतीच्या आवारात उभी आहे. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण मी करून घेतले आहे आणि मुलगा ती काढून टाका म्हणतो. मी काढत नाही, याचे कारण साधेपणा असे मी स्वतःला सांगत असे. आता तसे सांगता येत नाही.

शिमग्याला मी एकटाच गेलो. मुलगी परीक्षेत गुंतलेली, पत्नी तिच्यासाठी थांबलेली. मुलाने मोठी गाडीच दिली, कारण घाटरस्ता आहे आणि माझे वय झाले आहे असे तो म्हणाला. देवळापाशी पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. कातळावरचे गवत वाळून पांढरे पडले होते आणि आंब्याच्या मोहोराचा, काजूच्या बोंडांचा आंबूस गोड वास हवेत होता. मी गाडी वडाखाली उभी केली. तिथेच, जिथे ती पद्मिनी उभी होती. रस्त्याने न जाता पाखाडीने उतरावे असे वाटले, म्हणून पिशवी खांद्याला लावली आणि किल्ली आठवणीने खिशात घातली. खालून ढोलाचा आवाज येत होता. ग्रामदेवतेची पालखी वरच्या वाडीतून निघून आमच्या वाडीत यायची होती. आमच्याकडे पालखी प्रत्येक घरी जाते, रस्ता असलेल्या आणि नसलेल्या. माणसांच्या खांद्यांवर ती पाखाडीच्या पायऱ्या उतरते, पऱ्यातून पलीकडे जाते, अरुंद बेड्यातून तिरकी होऊन खळ्यात शिरते, आणि तिच्यासाठी दारात सारवण करून, रांगोळी घालून माणसे सकाळपासून उभी असतात.

तात्या त्यांच्या खळ्यात शेणसडा झालेल्या जमिनीवर उकिडवे बसून पालखीसाठी पाट पुसत होते. माझ्या पायांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, डोळ्यांवर हात धरून पाहिले.

"अरे, कधी आलास?"

मी एकटा होतो. चालत आलो होतो. यातल्या कोणत्या गोष्टीमुळे 'आलात'चे 'आलास' झाले ते मला आजही सांगता येणार नाही. मी पिशवी पडवीत टेकली आणि त्यांच्याशेजारी बसलो.

"येष्टीनं आलास की गाडीनं?"

"गाडीने. वर देवळापाशी ठेवलीय."

पाट पुसता पुसता ते थांबले. "वर कशाला? दारात आणायची ना."

"वाट पुरत नाही, तात्या. त्या दिवशी तुमचा गडगा पाडला मी."

"गडगा काय," ते म्हणाले, "परत रचता येतो." आणि पुन्हा पाट पुसू लागले. ढोल जवळ आला होता. मी वाटेकडे पाहिले. भाद्रपदात उचलून ठेवलेले ते दोन धोंडे कडेला तसेच होते, शेवाळ वाळून त्यांच्यावर करड्या रंगाचे पापुद्रे धरले होते, आणि गडग्यातली त्यांची जागा रिकामीच होती.